सब-वूफर लावला त्या रविवारी

तुम्ही शेवटचा हात कुणावर उगारलात? आणि नंतर काय म्हणालात — ‘राग अंगात शिरला’? ‘माझं मला कळलंच नाही’?

ही वाक्यं मला पाठ आहेत, कारण मी ह्या सदरात त्यांच्याविरुद्ध लिहिते. बायकोचं डोकं भिंतीवर आपटणारा नवराही हेच म्हणतो. माझे बाबा निवृत्त शिक्षक. बुवाबाजीविरुद्धची पत्रकं स्वतः छापून ते पौडच्या एसटी स्टँडवर वाटत आलेत. मी वाचायला शिकले तीच त्या पत्रकांवर. त्यातलं एक वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं वापरलं जायचं — ‘अंगात काही येत नसतं. जे असतं ते आधीपासून आपलंच असतं.’

भूत, बाधा, करणी यांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितेय... कारण मी माझ्या सख्ख्या भावाचा हात मोडलाय, आणि त्यातल्या एका गोष्टीचा हिशोब मला लागत नाही.

आमचं घर कासार आंबोलीत, पौड रस्त्यावरून आत, आमच्याच शेतात. चार वर्षांपूर्वी बांधलेलं. तळमजल्यावर मोठा हॉल, त्याची मागची भिंत ओढ्याच्या बाजूला. दादा माणच्या आयटी पार्कात नोकरी करतो. त्याला व्यसन एकच, गाणं ऐकायचं. लोखंडी स्टँडवरचे दोन स्पीकर, एक अ‍ॅम्प्लिफायर — आणि तरी ‘तळ नाही गं आवाजाला’ ही कायमची तक्रार. शेवटी ऑफिसातल्या एकाकडून त्यानं वापरलेला बारा इंची सब-वूफर आणला, म्हणजे निव्वळ खालचे सूर वाजवणारा मोठा डबा.

“मुक्ते, हा लागला ना, की पखवाज पोटात वाजेल बघ.”

“माझ्या पोटात सकाळचे पोहेच वाजतायत,” बाबा म्हणाले. “त्यात पखवाज कुठं घालू?” आणि ते पेपर घेऊन अंगणात गेले.

ज्यांनी सब-वूफर लावलेला नाही त्यांना सांगते. खालचा आवाज खोलीत सगळीकडे सारखा येत नाही. एका कोपऱ्यात घुमतो, दोन पावलांवर नाहीसा होतो. मग डबा ठेवायचा कुठं? त्याची एक पद्धत आहे. आपण जिथं बसून ऐकणार, त्या सोफ्यावर चक्क सब-वूफरलाच बसवायचं. त्यातून एकच सूर चालू ठेवायचा आणि आपण कान जमिनीशी नेऊन भिंतीकडेनं रांगायचं. जिथं आवाज स्वच्छ लागेल, ती सब-वूफरची जागा.

सकाळचे अकरा वाजले होते. हॉलमध्ये लख्ख ऊन. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या. दादा हाताढोपरांवर रांगत होता आणि वहिनी दारातून म्हणाल्या, “अहो, बाळासारखे घुंगुरवाळे घालू का पायात?” मी फोनवरून सूर बदलत होते. ऐंशी हर्ट्झ. साठ. चाळीस. बत्तीसला खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. दादा ओढ्याकडच्या कोपऱ्यात पोचला होता.

“हां, थांब! इथं... इथं लई भारी येतोय.” त्यानं मान खाली घातली. डावा तळवा फरशीवर पसरलेला.

पुढचं मला जसंच्या तसं आठवतंय. डोळ्यांपुढे अंधारी आली नाही, शुद्ध गेली नाही. राग तळपायातून चढला. ह्या माणसानं माझं वाटोळं केलंय, याची मला पक्की खात्री होती. काय वाटोळं, ते माहीत नव्हतं.

मी फोन खिशात टाकला, स्पीकर उतरवून मोकळं ठेवलेलं स्टँड दोन्ही हातांनी उचललं आणि त्याची लोखंडी बैठक दादाच्या पाठीत घातली. तो पोटावर कोसळला. उठायला लागला तेव्हा दुसऱ्यांदा घातली. “मुक्ते!” तो ओरडला. मी म्हणाले, “असं न्हाई. वरड! मेंढरागत वरड!” आवाज माझाच होता. मग मी त्याच्या डाव्या हातावर आले. एकदा, दोनदा, तीनदा. हाडं मोडताना सुक्या काटक्यांसारखी वाजत नाहीत, ओल्या लाकडासारखी वाजतात. फरशीवर रक्त आलं तरी मी थांबले नाही. वहिनींनी केस धरून मला मागं ओढलं, माझ्या खिशातला फोन फरशीवर आपटून बंद पडला, सूर थांबला — आणि मी हातात स्टँड घेऊन तिथं उभी होते.

दवाखान्यात दादानं सांगितलं, “स्टँड अंगावर पडलं.”

“नाही डॉक्टर,” मी म्हणाले. “मी मारलं.”

दोन बरगड्या, तीन बोटं. दादा वहिनींच्या माहेरी राहायला गेला. लहानपणी आम्ही दोघं एका ताटात जेवलोय, आणि आता मी असलेल्या खोलीत तो पाय ठेवेना. वहिनी तोंडावर म्हणाल्या, “ताई, तुमच्या मनात काहीतरी होतंच. उगीच कुणी भावाची बोटं ठेचत नाही.” मी रोज मन उकरून पाहिलं. तसं काही सापडेना. पण सापडत नाही म्हणून नाहीच, असं कसं म्हणू?

चुलतीनं लगेच वाट काढली. “पोरी, बाहेरचं हाय हे. देवऋषी आणू, कोंबडं सोडू. तुझा काय दोष न्हाई.”

किती सोपं होतं! हो म्हटलं असतं तर सगळ्यांनी मला पदरात घेतलं असतं. “हात माझा होता, काकू,” मी म्हणाले. “कोंबड्यानं काय केलंय?”

बाबा म्हणाले, प्रयोग करू.

पुढच्या रविवारी वहिनी दादाचे कपडे न्यायला आल्या होत्या. आधी मी एकटी हॉलमध्ये अर्धा तास तो बत्तीसचा सूर ऐकत बसले. काही नाही. काचा वाजल्या, एवढंच. मग बाबा पँट वर सारून म्हणाले, “आता मी रांगतो. तू बाहेर जा. सूनबाई, तुम्ही शूटिंग घ्या.” मी अंगणात खिडकीशी उभी राहिले. दार बाहेरून लावलं नव्हतं, ही आमची अक्कल म्हणा की नशीब.

बाबा त्या कोपऱ्यात पोचले. बाबांसमोर कधी आवाज न चढवलेल्या माझ्या वहिनींनी चालू फोन सावकाश खिडकीत उभा ठेवला. चालत गेल्या. बाबांचे केस मुठीत धरले आणि कपाळ फरशीवर आपटलं. परत आपटलं. मग त्यांच्या डाव्या हातावर टाच ठेवून सगळा भार दिला. “वरड की! मेंढरागत वरड!”

मी आत धावले, मेन स्विच पाडला, वहिनींना कमरेला धरून ओढलं. आमच्या घरात पुन्हा तेच चाललं होतं, फक्त या वेळी ओढणारी मी होते. बाबांचं कपाळ फुटलं होतं, रक्त डोळ्यांत उतरलं होतं. वहिनी भिंतीला टेकून ओरडल्या, “मी नव्हते! मी नव्हते हो ती!” मग त्यांची नजर माझ्यावर गेली.

“तुम्हीच होता, वहिनी,” मी म्हणाले. “आणि मी पण मीच होते.”

फोनमध्ये सगळं उतरलंय. तो सूर तेवढा नाही... इतका खालचा आवाज फोनच्या माइकला पकडताच येत नाही.

टाके पडलेल्या कपाळानं बाबांनी स्पष्टीकरण दिलं. खालच्या आवाजानं शरीर अस्वस्थ होतं. वहिनींनी ते शब्द आधी माझ्या तोंडून ऐकले होते, मनात भीती होती, तेच बाहेर पडलं. मला पटलं. अजूनही बरंचसं पटतं.

पण दोन दिवसांनी नाना आले. नाना म्हणजे बाबांचे चुलते, ऐंशीच्या पुढचे. त्यांना आम्ही ‘बाबा पडले’ एवढंच सांगितलं होतं. नाना हॉलच्या उंबऱ्यातच थांबले, कोपऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, “वरडाया लावलं का?”

ते शब्द आम्ही घराबाहेर कुणालाही सांगितले नव्हते.

“कुणी, नाना? कुणाला?”

“हितं घर कुटं व्हतं तवा? भाताचं खाचर व्हतं. भात निघालं की मेंढरं बसवायची रानात, लेंडीखताला. तुझा आजाच बोलवून आणायचा धनगराला. एका साली मेंढरं फुटली आन् पल्याडच्या हरभऱ्यात शिरली. सकाळी आज्यानं त्याला ह्या कोपऱ्याला हाताढोपरांवर चालवला. कुऱ्हाडीच्या दांड्यानं हाणलं. म्हनला, मेंढरागत वरड. मंग डावा हात बांधाच्या दगडावर ठिवला त्याचा...”

“आणि तुम्ही काय करत होता?”

“मी? मी मेंढरं अडवून धरली व्हती.”

“मेला का तो?”

“काय म्हाईत. उठला, मेंढरं हाकत वड्याच्या पल्याड गेला. पुना न्हाई दिसला.”

“नाव काय होतं त्याचं?”

नाना माझ्यावर खेकसले. “धनगर व्हता! नाव कोण इचारतंय?”

बाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या घरातला अंधार शोधला. ही गोष्ट त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ फुटलेल्या कपाळावर हात धरून होते.

लहानपणी नानांकडून आमच्या कानावर पडलं असेल का? नाना शपथेवर सांगतात, ते कधी कुणाशी बोललेच नाहीत. आणि वहिनी तर लग्नानंतर आलेल्या. कुणीतरी रांगत असेल तेव्हाच का? त्याच कोपऱ्यात का? मला माहीत नाही. भूत नव्हतं, हे मी आजही लिहून देते. काय होतं, ते लिहून देता येत नाही.

दादाला मी फोनवर सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, “मुक्ते, माझी बोटं जुळतील म्हणाले डॉक्टर. त्या माणसाची कुणी बांधली असतील का गं?”

म्हणून हे वाचणाऱ्यांना एक मागणं आहे. तुमच्या घरातलं कुणी भात निघाल्यावर मेंढरं घेऊन मुळशीकडे यायचं का? कासार आंबोलीच्या ओढ्याकाठून एखादा माणूस डावा हात ठेचून घेऊन परतला होता का... किंवा परतलाच नाही का? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा आणि ह्या सदराकडे लिहून कळवा. देवऋषीचा पत्ता नको. फक्त त्याचं नाव कळवा. आम्हाला माफी मागायची आहे, आणि कुणाची मागायची तेच आम्हाला माहीत नाही.