पोरीच्या ताटातलं अंडं

“तुझ्या हातानं फोड. सगळी.”

कंपनीच्या कॉलनीच्या गेटात मॅडम उभी होती. तिच्या मागे पाच-सहा बायका. वॉचमननं माझी टोपली खाली ठेवायला लावली. भाताच्या तुसात नीट रचलेली गावठी अंडी. शेजारी गटार.

मी म्हटलं, “काय झालं मॅडम? ताजी हायत. कालची, परवाची.”

“ताजी? आमच्या मुलांना विष खायला घालतेस, आणि वर ताजी म्हणतेस? रिपोर्ट आलाय तुझ्या वाडीतल्या अंड्यांचा. इथंच फोड. नाहीतर बाहेर जाऊन दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारशील.”

रिपोर्ट म्हणजे काय ते मला कळतं. सातवीपर्यंत शाळा शिकले आहे. पण माझ्या अंड्यांचा कसला रिपोर्ट, ते मला ठाऊक नव्हतं. विचारायचं सुचलं नाही. मी खाली बसले. एकेक अंडं गटाराच्या काठावर आपटलं. केशरी बलक पाण्यात वाहत गेले. एक बाई मोबाइल धरून शूटिंग करत होती. दुसरी आपल्या मुलीला म्हणाली, “हात नको लावूस तिथे.”

शेवटचं अंडं फोडलं आणि मी उभी राहिले. चिकट हात जोडले.

“चुकलं मॅडम.”

हे मी म्हणाले. मारलं नव्हतं कुणी. धमकी मिळायच्या आधीच म्हणाले. काय चुकलं ते माहीत नसताना म्हणाले. कुणी अंगावर ओरडलं की तोंडातून हाच शब्द बाहेर पडतो. आईच्याही पडायचा.

वॉचमन खांब गावचा. ओळखीचा. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “जा मावशी. परत येव नको.”

अकरा वर्षं मी त्या कॉलनीत अंडी दिली. मॅडम दारात कधी उभी करायची नाही. जिन्यात थांबायचं, ग्रिलमधून एकेक अंडं द्यायचं, ती ते बाजूच्या पातेल्यात ठेवायची. पण तोंडानं गोड. “तुझ्याशिवाय कुणाची अंडी मी घेत नाही गं,” म्हणायची. मला त्याचा अभिमान होता. वाडीत सांगत फिरायचे की मोठ्या साहेबाच्या घरी माझीच अंडी जातात. आता आठवलं की कान गरम होतात.

आमची वाडी निडी स्टेशनच्या पुढे, रुळापासून आत. वीस-बावीस घरं. जमीन कुणाची नाही. हाताला मिळेल ते काम. आणि वायर.

वायरीचं आधी सांगते, कारण ते लपवलं तर बाकीचं सगळं खोटं होईल. रोह्याकडच्या कंपनीतून भंगार वायर निघते. ठेकेदाराचा टेंपो ती आमच्या वाडीत आणून टाकायचा. आम्ही ती घरांमागच्या मोकळ्या जागेत जाळायचो. वरचं प्लॅस्टिक जळून जातं, आत तांबं उरतं. तांबं ठेकेदाराला द्यायचं. धूर काळा, जाड. घशात चिकटतो. ओढणीला, उशीला, भातालाही तोच वास. नवरा गेल्यावर मीही जाळायला लागले. धाकटा दीर आगीजवळ वाकून काठीनं वायर उलटायचा. त्याच्या गालांवर आणि कानांमागे काळ्या पुटकुळ्या उठायच्या, त्या जायच्याच नाहीत. आम्ही त्याला चिडवायचो, म्हातारपणी तारुण्यपीटिका आल्या म्हणून.

आग विझली की राख थंड व्हायची. मग कोंबड्या तिथं उकरायला जायच्या. किडे तिथंच सापडायचे त्यांना.

आणि भंगार बाहेर सोडायच्या कागदावर सही कुणाची? मॅडमच्या नवऱ्याची. ठेकेदारच छाती फुगवून सांगायचा, “साहेबाच्या सहीशिवाय एक तुकडा बाहेर येत नाय.” मला हे माहीत होतं. गटाराशी बसले होते तेव्हाही माहीत होतं. पण त्या वेळी साहेबाची सही आणि मॅडमचं बोलणं, ह्या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्या नाहीत. दोन वेगळ्या घरांत राहिल्यासारख्या राहिल्या.

घरी आले. माझी लेक सविता बाळंतपणाला आली होती. नात दीड महिन्याची. सविताला मी रोज दोन अंडी उकडून द्यायचे, दूध चांगलं यावं म्हणून. गेटवरचं मी कुणाला सांगितलं नाही. रात्री झोपलेही.

सकाळी ताट वाढलं आणि हात थांबला. अंडी ठेवली होती ताटात. सोललेली. मी ती उचलली.

सविता म्हणाली, “का गो आई?”

“उष्ण पडतात. आज नको.”

“पण काल तर तूच…”

“नको म्हटलं ना.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी चुलीकडे तोंड केलं.

आता जे सांगते ते मला सांगायचं नव्हतं. त्याच दिवशी, घरात डब्यात साठवलेली उरलेली अंडी मी टोपलीत भरली आणि निडीहून गाडीनं पेणला गेले. बाजारात पोह्याच्या पापडवालीशेजारी बसले. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. कुणाकडे रिपोर्ट नव्हता.

एक बाई आली. पोटुशी. सातवा-आठवा असेल. एक हात कमरेवर ठेवून वाकली.

“मावशी, गावठीच ना? डॉक्टरांनी अंडी खायला सांगितल्यात.”

मी म्हटलं, “घरची हायत गो. बिनधास्त खा.”

‘बिनधास्त खा’ म्हणायची काही गरज नव्हती. ते मी वरून घातलं. तिनं होती तेवढी सगळी घेतली, एक डझन. मी कागदात बांधून दिली, तिच्या पिशवीत नीट ठेवली, फुटू नयेत म्हणून वरून भाजी सारखी करून दिली. ती हसली. गेली.

माझ्या पोरीच्या ताटातलं मी काढलं आणि दुसऱ्याच्या पोरीच्या ताटात टाकलं. मॅडमनं गेटात म्हटलं होतं, कुणाच्या तरी गळ्यात मारशील. मारलं. तिनं मला जसं समजलं होतं, तशी मी एका दिवसात होऊन दाखवली.

गाडीत बसले तेव्हा हे कळलं. अंगावर पाल पडावी तसं. निडीला उतरून मी फलाटावरच बसून राहिले. घरी जाऊन लेकीला काय तोंड दाखवायचं?

उन्हाळ्यात एक मुलगी वाडीत आली होती. गडब गावची. मुंबईच्या कॉलेजात धुरातल्या विषावर अभ्यास करते. तिनं घराघरांतून अंडी नेली होती, राखेखालची मातीही नेली होती. माझ्याकडची सहा अंडी होती. तिचा नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मी फोन केला.

ती आली. तिला ओटीवर बसवलं आणि पहिलंच विचारलं, “अंडी माझी. मग मला का नाय सांगितलं?”

तिची मान खाली गेली. “मावशी, मी रिपोर्ट कंपनीच्या ऑफिसात दिला. वाडीत आम्ही समजावून सांगतो, म्हणाले ते. मी विश्वास ठेवला. मी स्वतः यायला हवं होतं. चुकलं माझं.”

काय चुकलं ते नेमकं माहीत असून ‘चुकलं’ म्हणणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तिनं सगळं सांगितलं. त्या विषाला डायॉक्सिन म्हणतात. वायरीचं प्लॅस्टिक जळलं की तयार होतं. धुरातून जमिनीवर बसतं. राखेत राहतं, वर्षानुवर्षं. कोंबडी उकरते, ते तिच्या चरबीत जातं, मग अंड्याच्या बलकात येतं. धुऊन जात नाही. उकडून जात नाही. वास नाही, चव नाही. माणसाच्या अंगात गेलं की लवकर बाहेर पडत नाही. साठत राहतं. त्यानं कॅन्सरचा धोका वाढतो. यकृताला त्रास होतो. पोटातल्या बाळाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

“आणि आईच्या दुधातून?” मी विचारलं.

“दुधातूनही जातं.”

आत नात रडत होती. सविता तिला पाजायला घेत होती.

मुलगी घाईनं म्हणाली, “पण दूध तोडायचं नाही मावशी. काही झालं तरी आईचं दूधच बाळाला चांगलं. अंडी बंद करा. धूर बंद करा. एवढं करा.”

दिराच्या गालांचं विचारलं. ती म्हणाली, “तसलेच फोड असू शकतात. पण मी डॉक्टर नाही. तपासून घ्या.” खोटा धीर दिला नाही तिनं. बरं वाटलं.

पुढे तीन वेळा मी पेणच्या बाजारात गेले, त्या पोटुश्या बाईला शोधायला. पापडवालीला विचारलं. ती म्हणाली, “गो बाय, रोज किती पोटुश्या येतात, कुणाची सांगू?” मी त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. गाव विचारलं नव्हतं. ती सापडली नाही. सापडणारही नाही.

कोंबड्या दिराच्या मदतीनं मारल्या आणि खोल पुरल्या. विकल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी कंपनीची माणसं वाडीत आली. समाजमंदिराच्या ओट्यावर सतरंजी टाकली. साहेब, ठेकेदार, आणि कॉलनीच्या महिला मंडळातर्फे मॅडम. सोबत कोंबड्यांचे नवे पिंजरे, दर घराला एक. मॅडम मला बघून हसली. गेटवर काही झालंच नव्हतं, असं हसली.

पिंजऱ्याआधी एका कागदावर सही करायची होती. बाकीच्या बायका रांगेत उभ्या राहिल्या. माझी पाळी आली तेव्हा मी कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचला.

“वाडीतील रहिवाशांनी घरगुती कचरा उघड्यावर जाळल्यामुळे कोंबड्यांच्या अंड्यांमध्ये दूषित घटक आढळले. यापुढे आम्ही असे करणार नाही.”

मी विचारलं, “ह्यात वायर कुठाय?”

साहेबांनी ठेकेदाराकडे बघितलं. मग मॅडम म्हणाली, “सही कर गं. तुमच्याच भल्याचं आहे.”

“वायर लिवा. कुठून आली ते लिवा. कुणाच्या सहीनं आली ते लिवा. मग करते.”

साहेब म्हणाले, “हे बघ, तुझ्या एकटीमुळे सगळ्या वाडीचं नुकसान होईल.”

दीर मागून कुजबुजला, “वयनी, गप ऱ्हा ना.”

खोटं कशाला सांगू? तोच जुना शब्द तोंडाशी आला होता. तो मी गिळला नाही. या वेळी पुरा बोलले.

“चुकलंय माझं. ऐका. वायर मी जाळली. रिपोर्ट आल्याचं कळल्यावर माझ्या पोरीच्या ताटातली अंडी मी काढून घेतली, आणि घरातली बाकीची पेणला नेऊन एका पोटुश्या बाईला इकली. हे माझं. हे पन लिवा कागदावर, माझ्या नावानं. आणि त्याच्या खाली तुमचं लिवा. माझं एकटीचं लिवनार असाल तर नाय करनार सही.”

सविता समाजमंदिराच्या दारात उभी होती, पोर खांद्यावर. तिनं सगळं ऐकलं.

मॅडमचा चेहरा उतरला. साहेबांनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला. ठेकेदार म्हणाला, “डोकं फिरलंय हिचं.” माझ्यामागे उभ्या होत्या त्यांतल्या बहुतेकींनी सही केली. पिंजरे घेतले. दोघी नुसत्याच निघून गेल्या, सही न करता. मी कुणाला नावं ठेवत नाही. कालपर्यंत मीही केली असती.

सविता दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, पण तेव्हापासून मी ताटात काही वाढलं की ती आधी विचारते, “हे कुठलं?” मी सांगते. सरळ, खरं. ती ऐकते, मग घास घेते. तिचा माझ्यावर पूर्वीसारखा विश्वास नाही. मागायचा तो मला हक्कही नाही.

टेंपो आता आमच्याकडे येत नाही. ठेकेदारानं खांबच्या अलीकडची दुसरी वाडी गाठली आहे. परवा त्या बाजूला काळा धूर दिसला. आमच्यातले काही म्हणाले, बरं झालं, आपल्याकडचं गेलं. मला ते ऐकवलं नाही.

उद्या सकाळी मी तिकडं जाणार आहे. गडबच्या मुलीला बोलावलं आहे, ती येईल. नाही आली तर एकटी जाईन. तिथल्या बायका मला शिव्या घालतील, कारण त्यांच्या चुली त्या वायरीवर पेटतात. आमच्याही पेटत होत्या. मी त्यांना विषाबद्दल नंतर सांगेन. आधी मी काय केलं ते सांगेन, एकही गोष्ट न गाळता. त्यानंतर कोरा कागद काढेन आणि त्यावर वायर कुठून आली ते लिहीन. कुणी पुढं आलं तर त्यांची सही घेईन. कुणी आलं नाही तरी त्याखाली पहिली सही माझी.