पाठ न टेकलेला योद्धा

कलबुर्गीला मी चित्रकला शिकत होते तेव्हा आमच्या वर्गाला मॉडेल मिळत नव्हतं. पोरापोरींसमोर उघड्या अंगानं बसायला कोण तयार होणार? विषय योद्ध्याचा होता, म्हणून शेवटी मी मामाला विचारलं. मामा कमलनगरचा पैलवान. आदल्या जत्रेत एका नवख्या गड्यानं त्याला चीत केलं, खांदाही निखळला, तेव्हापासून तो आखाड्यात उतरला नव्हता.

"तलवार धरून हुबं ऱ्हायचं ना? येतो की," तो म्हणाला.

लंगोटावर तो वर्गात आला तेव्हा मी मान वर केली नाही. सरांनी पडद्यावर एक ग्रीक शिल्प दाखवलं. जखमी योद्धा ढालीवर कोसळलेला, एका हातावर कसाबसा तोललेला.

"आज हे करू. पैलवान, असे आडवे व्हा."

मामा हलला नाही.

"मी पडणार न्हाई."

"उताणं नको हो. कुशीवर."

"पडलेलाच की वो त्यो."

सरांचा आवाज चढला. "तुझ्या मामांना समजाव." सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "मामा, नको तर घरी जाऊ." तो पडद्याकडेच बघत होता.

"ह्यो मेलाय का?"

"अजून नाही," सर म्हणाले.

"मग पाठ टेकायची न्हाई त्यानं."

तो चौथऱ्यावर बसला, उजवा तळहात फळीवर रोवला आणि सगळा भार त्यावर टाकला. दुखावलेला खांदा त्याच हाताचा. थोड्या वेळात दंड थरथरायला लागला, कोपरावरून घाम ठिबकला. सर म्हणाले, "थांबा आता, विश्रांती घ्या." त्यानं ऐकलं नाही. मी कोळसा हातात धरून नुसती बघत राहिले.

"काढ ना," शेजारची मैत्रीण कुजबुजली. "एवढं कुणासाठी धरलंय त्यांनी?"

मग मी काढलं. दंड, मनगट, ताणलेली मान. चेहऱ्याशी हात अडला.

तास संपला तसा सरांनी हात पुढे केला. मामानं क्षणभर तो बघितला, मग धरून उठला. कपडे घालून माझ्या कागदापाशी आला.

"तोंड कामून न्हाई काढलंस?"

"जमलं नाही मामा."

"मग पुढच्या बारीला येतो. खांदा तवर बरा व्हईल."

त्या वर्षी तो बऱ्याचदा आला, दर वेळी हीच पोझ धरायला. आखाड्यात मात्र परत उतरला नाही.