पाठीवरचे वळ

सौदीतल्या खमीस मुशैतच्या हॉस्पिटलात मला नर्स म्हणून सहावं वर्ष लागलं होतं, आणि माणसं ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही अशी माझी खात्री होती. एका सकाळी एक सौदी बाई घरकामाच्या मुलीला घेऊन आली. मुलगी कंबोडियाची, तिथल्या चाम मुसलमानांपैकी. अंगात सणकून ताप. तपासायला झगा वर केला तर पाठभर लालजांभळे वळ, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, बरगड्यांवरून तिरपे.

माझं डोकंच फिरलं. कुणी मारलं, ते मी अरबीत, हिंदीत, खुणांनी विचारलं. तिला यातलं काही कळेना, ती नुसती हसली. घाबरलेली माणसं अशीच हसतात, हे माझं मीच ठरवलं. आमची इंडोनेशियन नर्स दुपारच्या पाळीला येणार होती, तिला कदाचित विचारता आलं असतं. तेवढं थांबायला काय धाड भरली होती मला? फाइलवर ‘मारहाण’ लिहून मी मोकळी झाले. पोलीस आले. मालकीणबाई रडायला लागली आणि, खरं सांगते, ते बघून मला बरं वाटलं.

दुपारी ती नर्स आली. मुलीनं पूर्वी मलेशियात काम केलं होतं आणि तिथली भाषा इंडोनेशियनच्या जवळची, त्यामुळे दोघींचं बोलणं जमलं. त्यांच्याकडे ताप आला की बाम चोळून नाण्याच्या कडेनं पाठ घासतात, अंगातला वारा निघून जावा म्हणून. त्याच घरात तिची सख्खी मावशी कामाला होती, तिनंच आदल्या दिवशी घासून दिली होती. मावशी तान्ही असताना त्यांच्या देशात अशी राजवट होती, की चाम भाषा बोलताना सापडलेल्याचा जीव जाई. आजीनं ती कुजबुजत टिकवली. खमीसमध्ये ती बोलायला या दोघीच एकमेकींना होत्या. मावशीला काही होणार नाही ना, एवढंच मुलगी पुन्हा पुन्हा विचारत होती. काही होणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं.

नवा कागद लिहिला, पोलिसांची माफी मागितली. पण पोलिसांसमोर झालेली शोभा त्या घरच्या मालकाला, म्हणजे ज्याच्या नावावर दोघींचा व्हिसा होता त्या कफीलला, पचेना. त्यात नाणं, बाम, दोघींचं अनोळखी भाषेतलं पुटपुटणं ऐकून त्याला जादूटोण्याचा संशय आला. आठ दिवसांत मावशीला विमानात बसवलं. भाचीला ठेवून घेतलं, घर झाडायला कुणीतरी हवंच होतं. इकडे सुपरवायझरनं माझ्या दक्षतेचं कौतुक करून मला चहा पाजला. मी तो निर्लज्जासारखा प्यायले.

वर्षभरानं ती खोकला घेऊन पुन्हा आली, ड्रायव्हरबरोबर. कुठं दुखतंय, केव्हापासून, सगळं तिनं न अडखळता अरबीत सांगितलं. मी ओशाळून म्हटलं, “अरबी छान बोलायला लागलीस.”

ती झग्याची बटणं लावत होती. मान वर न करता म्हणाली, “दुसरं बोलायला आहे कोण?”