पोहण्याचा दाखला

दादरच्या तरण तलावावर त्या सकाळी मी दोनदा पोहलो. एकदा माझ्या नावावर, एकदा मित्राच्या. चाचणी सोपी होती: तलावाच्या दोन फेऱ्या आणि पाच मिनिटं तरंगणं. टोपी आणि गॉगल लावल्यावर सगळे चेहरे सारखेच दिसतात. निळी टोपी काढून मी काळी घातली आणि पुन्हा रांगेत उभा राहिलो. यादी घेऊन बसलेल्या माणसाने मान वर केली नाही.

मित्र लालबागचा होता. आजोबा मालवणाकडून गिरणीत आलेले. पोहता मात्र घरात कुणालाच येत नव्हतं. आमच्या कॉलेजच्या होडीला पाच वल्हवणारे आणि एक सुकाणूवाला लागे. पाचवा मिळत नव्हता. शर्यतीसाठी नावं द्यायची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि पोहण्याच्या दाखल्याशिवाय नाव घेत नव्हते. कल्पना माझी होती.

"आणि पडलो तर?" त्याने विचारलं.

"तुला ओढायचंय रे. पडायला कोण सांगतंय?"

"शाना आहेस. तू ठाकूरद्वारचा, चौपाटीवर वाढलेला."

माझं पोहून झाल्यावर त्याने तलावावरच्या नळाखाली डोकं धरलं. कोरड्या केसांनी दाखला घ्यायला गेलो तर पकडतील, म्हणाला. पाणी गळत्या केसांनीच तो दाखला घेऊन घरी गेला.

दीड महिना आम्ही माझगावच्या बाजूला सराव केला. शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. होडीत उभं राहायचं नाही. आणि होडीत एकच माणूस बोलतो, सुकाणूवाला. वल्हवणाऱ्याने तोंड उघडलं की ताल जातो. सरावात बोलणाऱ्याला धक्क्यावर वीस जोर काढावे लागत. आठवड्याभरात आमची बोलण्याची सवय गेली.

वल्हवणारे मागे तोंड करून बसतात. होडी जिकडे जाते तिकडे फक्त सुकाणूवाला बघतो. बाकीच्यांना दिसतं ते मागे पडलेलं पाणी.

नवख्यांच्या शर्यतीत चार होड्या होत्या. लाइफ जॅकेट शर्यतीत घालत नसत, कोपर अडतं म्हणून. त्याऐवजीच दाखला होता. निम्मं अंतर गेलं तेव्हा आम्ही दुसरे होतो. मित्र माझ्या पुढच्या फळीवर बसला होता, त्याची पाठ मला दिसत होती. त्याच्या वल्ह्याचं पातं पाण्यात आडवं अडकलं. नवख्यांचं असं होतं. अशा वेळी वल्हं सोडून द्यायचं असतं. तो ते सोडवायला अर्धवट उभा राहिला. लाट आली, होडी कलली आणि तो वल्ह्यासकट बाहेर गेला.

सुकाणूवाल्याने एकदा वळून पाहिलं. "ओढा! मागची मदतीची बोट उचलेल त्याला. ओढा!"

त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याच्या माहितीप्रमाणे होडीतल्या प्रत्येकाला पोहता येत होतं. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं.

आम्ही चौघं मागे तोंड करून बसलो होतो. तो आम्हा चौघांनाही दिसत होता. वल्हं त्याच्या हातातून सुटलं होतं. हात वर होता. ओरडत नव्हता. मी वल्हं ओढलं. पुन्हा ओढलं. सुकाणूवाला आकडे म्हणत होता, त्यामुळे किती वेळा ते मला नक्की माहीत आहे. अकरा वेळा. अकराव्यानंतर मी "थांबवा" म्हणालो.

"गप! मी बोलेन."

मी उडी मारली. पोहोचलो तेव्हा तिथे फक्त वल्हं होतं. मदतीची बोट पाणी भरलेल्या दुसऱ्या एका होडीकडे गेली होती. ती आली आणि तिने मला उचललं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्याच्या खांबांपाशी सापडला.

चौकशीत त्याची आई सांगत राहिली की मुलाला पोहता येत नव्हतं. तिला दाखला दाखवण्यात आला. त्यावर त्याचं नाव होतं, फोटो होता, शिक्का होता. पोहता येत असूनही घाबरल्यामुळे मृत्यू, असं नोंदवलं गेलं. माझा जबाब पाऊण पानाचा आहे. त्यात दादरचा उल्लेख नाही.

तेराव्याला आम्ही सगळे लालबागला गेलो. चाळीच्या गॅलरीत त्याच्या आईने मला बाजूला घेतलं.

"तू हुतंस मां रे होडयेत? खरा सांग. तेका पोवूक येय होता?"

सांगायचं मी ठरवून गेलो होतो. वाक्य तयार होतं.

"येत होतं," मी म्हणालो. "दादरला शिकला."

तिने कठडा धरला. मग म्हणाली, "एक दिस डोक्या भिजवून घराक इल्लो. मी इचारलंय, खंय गेल्लंस? तर नुसतो हसलो." तिने डोळे पुसले. "तेवाच शिकलो असतलो. माका सांगल्यान नाय."

"हो," मी म्हणालो. "तेव्हाच."

ती आत गेली आणि दाराशी बसलेल्या बायकांना त्या ओल्या केसांची गोष्ट सांगू लागली.