एक हजार तीन

कवळीवाल्याला छंद लागायचे, पण टिकायचे नाहीत. माळ्यावर चढलं की त्याचा सगळा इतिहास सापडे: तीनच सूर निघणारी बासरी, आठवडाभर धावलेले बूट, अर्धं कोरलेलं लाकडी बदक. बदकाला चोच होती, शेपूट नव्हती. बायको त्याला ‘आरंभशूर’ म्हणायची, आणि तेही प्रेमाने म्हणायची असं समजायला काही जागा नव्हती. मध्यंतरी त्याने मोबाइलवर प्रेरणा देणारी भाषणंही ऐकून पाहिली. पहाटे पाचला उठा, आयुष्य बदलेल, असं एक कोटवाले गृहस्थ घसा फोडून सांगत. हा तीन दिवस उठला. आयुष्य होतं तसंच राहिलं, फक्त दुपारी कवळी घासताना डुलकी लागली आणि एका वकिलाचा सुळा बोथट झाला.

ऑनलाइन बुद्धिबळ मात्र टिकलं, आणि त्याचं श्रेय प्लास्टरला. दवाखान्यातून हिरड्यांचा ठसा आला की त्यात प्लास्टर ओतायचं आणि ते घट्ट व्हायची वाट बघायची. साधारण दहा मिनिटं. पाच-पाच मिनिटांचा डाव त्यात चपखल बसे. दिवसाला सहा ठसे म्हणजे सहा डाव. एवढी शिस्त त्या कोटवाल्यालाही जमली नसती.

रविवारी दुपारी तीनला मात्र प्लास्टरबिस्टर काही नाही. तेव्हा डाव ताईशी. त्याची ही थोरली बहीण दुसऱ्या शहरात एकटी राहायची. दोन वर्षांपूर्वी भावोजी गेले, तेव्हापासून हा रिवाज होता. ताईचं रेटिंग, म्हणजे हारजितीनुसार वरखाली होणारे गुण, सातशे अठ्ठ्याऐंशी; जीभ मात्र दोन हजारांची. ‘वजीर फुकट वाटतोस का रे?’ असं ती डाव चालू असतानाच लिहून पाठवी. तीन डावांत एखादा जिंकायची, आणि तो आठवडाभर पुरवून वापरायची.

मग एका मंगळवारी समोरच्या कुणा अनोळखी माणसाने आपणहून हत्ती गमावला आणि कवळीवाल्याचं रेटिंग हजारापलीकडे गेलं. एक हजार तीन! त्याने पडद्याचा फोटो काढला, अख्ख्या सासुरवाडीला पाठवला, वर छापून आणून प्लास्टरच्या डब्यावर चिकटवला. जन्मात पहिल्यांदा काहीतरी तडीस गेलं होतं.

आणि त्याच दिवशी खेळ संपला. कारण त्याने हिशेब केला. ताईला हरवलं तर पदरात पडणार तीन-चार गुण. ताईकडून हरलो तर जाणार बारा-तेरा. म्हणजे पुन्हा नऊशेच्या घरात! पहिल्या रविवारी त्याने कळवलं, कामाचा ढीग पडलाय. दुसऱ्या रविवारी पाठ दुखत होती. तिसऱ्या रविवारी ‘नेट बंद आहे’ असा निरोप त्याने नेटवरूनच पाठवला. चौथ्या रविवारी त्याला तोडगा सुचला. रेटिंग न मोजता, नुसताच मैत्रीचा डाव खेळू, असं त्याने लिहिलं.

लगेच फोन वाजला.

“मला कच्चं लिंबू करतोस?” ताई म्हणाली.

“तसं नाही गं ताई. जरा निवांत खेळू, एवढंच.”

“तुझ्या नावापुढचा हिरवा ठिपका दिसतो हो मला. पाठ दुखत होती तेव्हा तिथेच बुद्धिबळाची कोडी सोडवत बसला होतास.”

 बत्तीस दात घडवणाऱ्याची अशी दातखीळ बसलेली बायकोने प्रथमच पाहिली, आणि ती भाजी चिरायची थांबून ऐकू लागली.

“तीन रविवार झाले,” ताई म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. “पावणेतीनलाच चष्मा पुसून बसते मी. ते गेल्यापासून रविवारची दुपार जाता जात नाही रे. तुला नंबर जपायचाय तर जप. पण मला सरळ सांगायचं होतंस.”

त्याला स्वतःची लाज वाटली. साधीसुधी नाही, कान तापवणारी. “मोजून खेळू,” तो म्हणाला. “लाव डाव.”

डाव असा झाला की सांगण्यात अर्थ नाही. आठव्या चालीला त्याचा घोडा गेला, विसाव्या चालीला वजीर, आणि ताईने दोन हत्तींनी त्याच्या राजाला कोपऱ्यात गाठून मात दिली. नऊशे नव्वद. बायको मागून म्हणाली, “अहो, कागद काढू का डब्यावरचा?” त्याने ऐकलंच नाही. आश्चर्य म्हणजे त्याला वाईट वाटत नव्हतं. महिनाभर अडकलेला श्वास सुटल्यासारखं वाटत होतं. त्याने लगेच दुसऱ्या डावाचं आमंत्रण पाठवलं.

ताईने ते नाकारलं. मागोमाग निरोप आला: ‘मी आता आठशे एक. आयुष्यात पहिल्यांदा. यापुढे तुझ्याशी खेळणं मला परवडेल असं वाटत नाही.’

कवळीवाल्याने निरोप दोनदा वाचला. त्याने फोन लावला. ताईने उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. घड्याळात साडेतीन झाले होते आणि समोर अख्खी दुपार पडली होती. खुर्चीत तो तसाच बसून राहिला, फोनकडे बघत. पाच मिनिटं गेली, सात गेली. ताईचे तीन रविवार कसे गेले असतील ते आता त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

आठव्या मिनिटाला पडद्यावर आमंत्रण आलं. खाली ताईने लिहिलं होतं: ‘पुरे एवढं. ये आता.’