खिशातलं लिव्हर

दिंडोशीपासून विलेपार्ल्यापर्यंत स्वतःचं लिव्हर शर्टाच्या खिशात घेऊन फिरणारा माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा. म्हणजे लिव्हरचा रिपोर्ट. लॅमिनेट केलेला. तो ज्याला वाचावा लागलेला नाही असा इसम आमच्या भागात सापडणार नाही. कॉलनीतल्या मांजरांनासुद्धा मामांचं बिलिरुबिन पाठ आहे.

याला कारण मामांची चाल. मामा सरळ निघाले की डावीकडे पोचतात. हात मध्येच आपसूक हवेत उडतात. एकदा तर त्या हाताला दोन रिक्षा थांबल्या आणि मागोमाग एक बसही. मामांनी उभ्या जन्मात दारूला स्पर्श केलेला नाही, पण बघणाऱ्याला काय दिसणार? सकाळी सात वाजता झुलत झुलत दूध आणणारा माणूस. हा घराण्यातून येणारा मेंदूचा आजार आहे, त्याला हंटिंग्टन म्हणतात, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत सोसायटीने आपला निकाल देऊन टाकला होता. सेक्रेटरीने गेटवर कॅमेरा बसवला तो चोरांसाठी, पण मामांचं एकच, "माझ्यासाठीच लावल्यान!"

जग आपल्यावर संशय घेतं म्हटल्यावर मामांनीही जगाला सोडलं नाही. मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं की आधी हुकूम सुटायचा, "जावयबापू, तोंडाचो वास घेवा, मगे बसा!" मीही घ्यायचो. खरं सांगतो, हा हुकूम निघण्याच्या आधीही पाया पडण्याच्या निमित्ताने मी दोनदा चोरून घेतला होता. दोन्ही वेळा बडीशेप. मग हे इतकी बडीशेप का खातात, हा मला नवाच संशय.

आजारावरच्या गोळ्या लिव्हरला बाधू शकतात, म्हणून डॉक्टर अधूनमधून ते तपासायला लावत. पहिला रिपोर्ट स्वच्छ आला आणि मामांना चारित्र्याचा दाखलाच मिळाला. लॅबमधली मुलगी भाबडेपणाने म्हणाली, "काका, लिव्हर चांगलं आलं म्हणजे माणूस पीत नाही असं काही नसतं हां." मामांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तू सेक्रेटरीची कोण गो?" तेव्हापासून रक्ताच्या नळीवर मामा स्वतः सही करतात. ती सही अशी उसळते, की शेजारच्या पेशंटच्या नळीवरही अर्धी उमटते.

आणि मग एकदा घात झाला. नवी गोळी सुरू झाली आणि रिपोर्टातले आकडे भसकन वर चढले. मामा चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. मला बोलावून दाराला कडी घातली आणि कुजबुजले, "सॅम्पल बदलल्यानी. आता सगळे म्हणतले, बघा, बेवडो!"

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "हा त्या गोळीचा प्रताप. बदलून देतो." मग जुनी फाइल चाळता चाळता थांबले. "तुमचे वडील दारूने गेले असं तुम्ही लिहून दिलंय. तेही असेच चालायचे?"

"त्येंची गोष्ट वेगळी. ते पियत."

"तुम्ही पिताना पाहिलंत?"

मामा खिशातला रिपोर्ट चाचपायला गेले. हात भलतीकडेच उडाला.

"नाय," ते म्हणाले. "त्येंच्या गिरणीतले लोक सांगत. आयपण सांगायची."

परतताना रिक्षात मामांनी एकावरही संशय घेतला नाही, त्यामुळे मी घाबरलो. शेवटी सांताक्रूझच्या सिग्नलला म्हणाले, "जावयबापू, मी ल्हानपणी बापाशीक सांगलंय, माझ्या शाळेत येव नकात. लाज वाटता."

गोळी बदलली, आकडे उतरले. नवा रिपोर्ट आला त्या दिवशी मी तिथेच होतो. मामांनी तो लॅमिनेशनला दिला नाही की खिशातही घातला नाही. झुलत झुलत भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोसमोर गेले, हलत्या हातांनी कागद कसाबसा धरला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला. "सगळा नॉर्मल आसा, बाबा," म्हणाले. फोटोला हार घालावा तसा तो कागद चौकटीत खोचला. तीन प्रयत्न लागले, मी मदतीला गेलो नाही.

मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या त्या संशयी डोळ्यांनी बघत त्यांनी विचारलं, "तुमकापण तसाच वाटलेला ना, माझ्याबद्दल?"

जन्मभर थापा मारत आलेला मी, पण पाया पडताना दोनदा चोरून घेतलेल्या वासाचं तेवढं खरं सांगून टाकलं.