शेंदराखालचं नाव : पाडायला काढलेल्या स्टेशनात एक दिवस

या वेळी आम्ही निघालो ते एक दगड आणायला. फेब्रुवारीत कोडोलीहून मामेभावाचा फोन आला, की ते जुनं स्टेशन पाडतायत, तिथं सगळं नवीन होणार आहे. आई एक्याऐंशी वर्षांची. फोन ठेवला आणि म्हणाली, "दादाचा दगड तिथंच आहे. घेऊन येऊ."

दादा म्हणजे आईचा थोरला भाऊ, दत्तात्रय. कोल्हापूर-मिरज लाइनवरच्या एका छोट्या स्टेशनात तो मालधक्क्यावर कारकून होता. गुळाच्या बैलगाड्या उन्हात तासन् तास रांगेत उभ्या असायच्या, तेव्हा हा विहिरीचं पाणी ओढून गाडीवानांना पाजायचा. बाविसाव्या वर्षी विषमज्वरानं गेला. आजोबांनी तिथंच चिंचेखाली पाणपोई बांधली; दोन रांजण आणि वर त्याच्या नावाचा दगड. त्याचा एकही फोटो कुणाकडे नाही. त्याचं अक्षर नाही, कपडा नाही. तो होऊन गेला याचा पुरावा काय तो हा दगड.

पुण्याहून पहाटे साडेपाचला निघालो. मागची सीट आडवी करून तिच्यावर दोन गोधड्या पसरल्या होत्या, दगडासाठी. पाच तासांत कोल्हापूर, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रस्तारुंदीकरणाची डायव्हर्जन्स संपता संपत नाहीत, आम्हाला साडेसात तास लागले. म्हातारं माणूस बरोबर असेल तर साताऱ्याच्या अलीकडेच स्वच्छ हॉटेल बघून थांबा. राजारामपुरीत उतरलो. गल्ल्यांना नंबर आहेत म्हणून पत्ता सापडतो, गाडी लावायला जागा मात्र सापडत नाही. क्लासच्या पोरांच्या दुचाक्यांमधून वाट काढून मी घामाघूम झाले, तर आई म्हणते कशी, "माझ्या माहेरी येऊन चिडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खाल्ली. कट, म्हणजे तिखट रस्सा, वेगळा मागा, नाहीतर डोळ्यांतून पाणी येतं. माझ्या आलं, आईच्या नाही. मग अर्ध्या तासात स्टेशनात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं पत्र्याचं कुंपण आहे आणि आत कुणी हौसेनं जाऊ नये.

आधी फोनवर बोलून परवानगी घेतली होती. गेटवर तेजस्विनी भेटली, साइटची इंजिनिअर, कसबा बावड्याची. तिनं आईच्या पदरावरून हेल्मेट चढवलं. आई आरशाशिवायच सावरून बघत होती.

स्टेशन पाडायचं म्हणजे जेसीबी येतो आणि भिंत ढकलतो, अशी माझी समजूत होती. खरं काम त्याच्या आधीच असतं. मालगोदामाचे जुने सिमेंटचे पत्रे माणसं पाणी मारून, न फोडता, एकेक उतरवत होती. त्यांची भुकटी छातीत जाते, म्हणून तोंडाला मास्क, आणि उतरवलेला पत्रा लगेच प्लास्टिकमध्ये. खालची माती डिझेलनं आणि खतानं काळीठिक्कर पडली होती. ती कमरेइतकी खणून वेगळी न्यायची, नाहीतर पावसाळ्यात सगळं विहिरीत उतरणार. सागवानी दारं एका बाजूला, कौलं एका बाजूला. घडीव काळ्या दगडांवर पांढऱ्या रंगात नंबर, ते नव्या इमारतीत बसवणार म्हणे. इतक्या वर्षांची घाण इतक्या हळू हातानं काढताना बघून मला, का कोण जाणे, भरून आलं.

चिंच होती. पाणपोई नव्हती. तिच्या जागी चिंचेच्या बुंध्याशी शेंदरानं माखलेला गुडघाभर देव, झेंडूचा हार आणि विझलेली उदबत्ती.

"एवढंच राहिलंय," तेजस्विनी म्हणाली. "कामगार हात लावत नाहीत. हमालांचा देव आहे. आज ते स्वतः हलवणार आहेत."

चिंचेखाली सत्तरीतला एक माणूस बसला होता. गणपामामा, इथला जुना हमाल. त्यानं विचारलं, "कुठलं पावणं?"

आई तोवर पुढं गेली होती. ती देवाच्या पायाशी वाकून बघत होती. तिथल्या कट्ट्यात दोन गोल खळगे होते, रांजण बसतील एवढे. ती तशीच खाली बसली.

"हा देव कुठला?" मी विचारलं.

"पाणदेव," गणपामामा म्हणाला. "पयलं पोतं उचलायच्या आदी तांब्याभर पानी त्येच्यावर वतायचं, मग आपन प्यायचं. आमचा बा करायचा, आमी बी केलं. धक्का बंद पडला, तरी दर गुरुवारी येतो की मी."

"द्येव न्हवं त्यो," आई म्हणाली. पुण्यात साठ वर्षं काढलेली माझी आई! "माझा दादा हाय. दत्तू."

तिनं सगळं सांगितलं. गणपामामानं मुंडासं काढून हातात घेतलं. मग तळहात दगडावर टेकवला.

"तुमचं मानूस हाय, आक्का," तो म्हणाला. "तुमी न्या. आमी कोन न्हाय म्हननार?" म्हणाला खरं, पण हात दगडावरून काढेना. मला गाडीतल्या गोधड्या आठवल्या आणि उगाच चोरी करायला आल्यासारखं वाटलं.

"हितनं कुठं नेनार हुता?" आईनं विचारलं.

"फाट्यावर, एष्टी थांबत्यात तितं. कट्टा बांधलाय."

आईनं जवळचा खळगा चाचपला. मग म्हणाली, "तितंच न्या. पन एक ऐका. त्येच्यावर पानी वतू नका. त्यो पानी पाजायचा. म्होरं रांजन भरून ठेवा, येनाऱ्या-जानाऱ्याला."

"ठेवतो. शब्द हाय."

मी आईला बाजूला घेतलं. "अगं, पाचशे किलोमीटरची जा-ये आपण कशासाठी करतोय? तुला नाव तरी बघायला मिळालं का?" मला राग आला होता, आणि तो तिच्यासाठीच आला होता. "आता काय खरवडून बघायचं?" एवढंच ती बोलली.

चार म्हाताऱ्या हमालांनी दगडाला दोर बांधला, नारळ फोडला आणि जोर लावला. दगड हलला तसा कट्टकन आवाज झाला आणि पुढच्या बाजूची शेंदराची खोळ निखळून खाली आली. इतक्या वर्षांचे थर, बोटभर जाड. तिचे चार-पाच तुकडे झाले. सगळ्यांचे चेहरे उतरले. दगडाच्या उघड्या पडलेल्या अंगावर अक्षरं होती, "कै. दत्तात्रय यांचे स्मरणार्थ". आईनं प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवलं, शाळेत पाटीवर गिरवतात तसं.

मग तिनं खालचा एक तुकडा उचलला. आतल्या बाजूला दगडातली अक्षरं उमटली होती, उलटी आणि उठावदार. नावाचा अर्धाच भाग होता, "दत्ता" एवढा.

"आक्का, खोळ नदीत सोडायची असती," गणपामामा चाचरत म्हणाला. "घरात ठेवत न्हाईत."

"सोडतो की," आई म्हणाली. कोल्हापूरच्या बायका 'सोडतो'च म्हणतात. तुकडा तिनं पदरात बांधला.

परतताना पंचगंगेच्या पुलाआधी मी गाडी बाजूला घेतली.

"का थांबलीस?"

"खोळ सोडायची ना?"

"चल पुढं."

गोधड्या गेल्या तशाच रिकाम्या परत आल्या. तुम्ही त्या बाजूला गेलात आणि एखाद्या फाट्यावर शेंदरी दगडापुढं रांजण दिसला, तर थांबा. तो भरलेला असतो, गणपामामा फोनवर तसं सांगत असतो. मी स्टेशनात नंबर घातलेल्या दगडांचे खूप फोटो काढले होते, ते मात्र मी नंतर उघडूनही पाहिले नाहीत.

घरी आल्यावर आईनं तुकडा कपाटाच्या आरशासमोर धरला. आरशात अक्षरं सुलटी झाली. तिनं ती मोठ्यानं वाचली, "दत्ता", मग पुन्हा वाचली. मी दारात उभी होते. इतक्या वर्षांत तिला भावाला हाक मारताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"ही नदीत कधी सोडायची मग?" मी विचारलं.

तुकडा साडीच्या घडीत ठेवत ती म्हणाली, "माझी रक्षा न्याल ना पंचगंगेत, तेव्हा. दोघांना एकदम सोड."